जोडीने बांधलेले दोन दांडे

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, चौबे कॉलोनीतल्या सिमेंटच्या रस्त्यावर माझ्या काकांची जीप उजवीकडे वळता वळता बंद पडली. पुन्हा चालू केल्यावर इंजिन चालू झालं, जीप हलली नाही. हे ठिकाण काकांच्या फाटकापासून साठ पावलांवर आहे. कोणी जखमी झालं नाही. शेजाऱ्यांची एक कुंडी फुटली. ती आधीच तडकलेली होती, हे शेजाऱ्यांनी नंतर मान्य केलं.

थांबलेल्या जीपकडे त्या वेळी दहा-अकरा माणसं पाहत होती. त्यांतल्या तिघांचा या घटनेशी संबंध होता. काका चालवत होते. काकू फाटकात उभ्या होत्या. त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, या कामासाठी आदल्या दिवशी नागपूरहून आली होती आणि रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून उभी होती. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. बाकीचे सकाळी फिरायला निघालेले निवृत्त लोक होते. त्यांचं फिरणं तिथेच संपलं.

काम असं होतं. काकांनी जीप घेऊन कॉलोनीतल्या बागेला एक फेरी मारायची आणि परत येऊन, मागेपुढे न करता, एका वळणात फाटकातून आत घालायची. जमलं तर जीप राहणार होती आणि काकाच ती चालवणार होते. नाही जमलं तर दुपारी बारा वाजता अभनपूरहून एक ढाबेवाला ट्रॉली घेऊन येणार होता. त्याला ती ढाब्यासमोर चौथऱ्यावर उभी करायची होती, म्हणजे जेवायला येणारे तिच्यात बसून फोटो काढतील. इंजिन चालतं का, हे त्याने फोनवर विचारलंही नव्हतं.

जीप लष्कराची आहे. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते तेव्हा त्यांनी ती जबलपूरला लिलावात घेतली. लष्कराने टाकून दिलेल्या अशा गाडीला आमच्याकडे ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणतात. तिच्या पराक्रमाबद्दल एकमत नाही. ती एका लढाईत होती की दोन, हे समोर पाहुणे कोण आहेत त्यावर ठरतं. मी एकदा तिचे कागद पाहिले होते. कागदांप्रमाणे ती एका भांडारात ताडपत्र्या वाहायची. हे मी आजवर कुठे बोललो नव्हतो.

अडचण दिवाळीच्या आधी सुरू झाली. स्टेअरिंग जड जायला लागलं. सरळ रस्त्यावर निभायचं, पण वळणावर काकांना सीटवरून अर्धं उठून जोर लावावा लागायचा. फाटकातून आत घालायला चार-पाच वेळा मागेपुढे व्हायचं आणि टायर सिमेंटवर असे करकरायचे, की समोरच्या बंगल्यातले निवृत्त इंजिनिअर बाहेर येऊन उभे राहायचे. ते काही बोलत नसत. नुसते पाहत आणि जीप आत गेली की परत जात. काकांना हे बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

घरात निदान व्हायला वेळ लागला नाही. जीप सत्तर-पंचाहत्तर वर्षांची आहे याची सगळ्यांना सवय झालेली होती. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, हे मात्र त्या दिवाळीत सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. दिवाळीला आलेल्या ताईने गच्चीवरून व्हिडिओ काढला. त्यात काका होते, फाटक होतं आणि पाच प्रयत्न होते. व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर गेला. दोन तासांत जोडलेल्या हातांची चौदा चित्रं आली. ‘त्यांना जपा’ असं लिहिणाऱ्यांत एकजण असा होता, ज्याने काकांना बारा वर्षांत पाहिलेलं नव्हतं.

मग हाडांचे डॉक्टर झाले. त्यांनी खांद्याचा एक्स-रे काढला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या खांद्यात जे दिसतं ते त्यात दिसलं. “उमर के हिसाब से है,” डॉक्टर म्हणाले. मलम दिलं आणि टॉवेल पाठीमागे दोन्ही हातांनी धरून वर-खाली ओढायचा व्यायाम सांगितला. जीपला कोणी कुठे दाखवलं नाही.

ताईचं म्हणणं फोनवर दर आठवड्याला तेच असायचं.

“बाबा, हात साथ देऊन नाही राहिले तुमचे. उद्या कोणाच्या अंगावर गेली गाडी, तर काय करसान?”

यातलं दुसरं वाक्य खोडून काढणं अवघड होतं. म्हणून काका पहिल्याशी भांडायचे.

“हात ठणठणीत हायत माझे.”

“मंग एका दमात फाटकातून घालून दाखवा.”

“दाखवतो. तू ये.”

ती आली. बरोबर ढाबेवाल्याचा नंबरही आणला.

तर, आठ दहाला जीप थांबली. काकांनी दोनदा जोर देऊन पाहिला. पुढचं टोक थोडं उचलल्यासारखं झालं, टायर एकदा किंचाळले आणि जीप पुन्हा तशीच, वाकडी, रस्त्याच्या मधोमध. ताई जवळ गेली.

“उतरा बाबा.”

“काहून? संपली परीक्षा?”

“संपली.”

काका उतरले नाहीत. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत बसले. समोर फुटलेली कुंडी होती.

ताईने मिस्त्रीला फोन केला. कारण स्पष्ट होतं. जीप बारा वाजेपर्यंत रस्त्यातून निघून ट्रॉलीवर चढली पाहिजे. मिस्त्री पुरानी बस्तीतला, काकांच्याच वयाचा. डिस्पोजलच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. आता त्या राहिल्या नाहीत म्हणून ई-रिक्षा दुरुस्त करतो. मोपेडवरून यायला त्याला पाऊण तास लागला. तेवढ्यात जमलेल्या लोकांनी क्लच, गिअर आणि ब्रेक असे तीन दोष नक्की केले होते, आणि प्रत्येक दोषाला किमान दोघांचा पाठिंबा होता.

मिस्त्रीने जीपभोवती एक चक्कर मारली. टायर पाहिले. काकांकडे पाहिलं नाही. मग म्हणाला, “बाबूजी, सूखे में चारों चक्के काहे जोड़ के रखे हो?”

“किसने जोड़े?” काका उखडले. “पाँच साल से हमने फोर व्हील लगाया ही नहीं!”

“हव,” मिस्त्री म्हणाला. छत्तीसगढीत याचा अर्थ ‘हो’ असा होतो. पण तो ज्या सुरात म्हणाला, त्यात मान्य करण्यासारखं काही नव्हतं.

इथे यंत्राबद्दल थोडं सांगणं आवश्यक आहे. या जीपमध्ये दोन सीटांच्या मधे, खालून वर आलेले तीन दांडे आहेत. मोठा नेहमीच्या गिअरचा. त्याच्या शेजारी दोन लहान. त्यांतला कडेचा गाडीचा जोर कमी-जास्त करतो आणि रस्त्यावर तो कायम मागे असतो. मधला पुढच्या चाकांना इंजिनाशी जोडतो. तो मागे ओढला की चारही चाकं गाडी ओढतात, पुढे ढकलला की फक्त मागची दोन. म्हणजे साध्या रस्त्यावर या दोन लहान दांड्यांपैकी एक पुढे आणि एक मागे असायला हवा. काकांची सवय अशी, की फोर व्हील कधी लागत नाही म्हणून ते या दोघांकडे पाहतही नसत. त्यांच्यावर काकूंनी शिवलेली रेक्झिनची खोळ असायची.

मिस्त्रीने खोळ वर केली. दोन्ही लहान दांडे मागे होते, एकमेकांना चिकटून. त्यांच्याभोवती मौली, म्हणजे पूजेचा लाल-पिवळा दोरा, सात-आठ वेढे देऊन घट्ट बांधलेली होती. वर हळदीकुंकवाचा थर आणि झेंडूची तीन वाळलेली फुलं.

मग सगळ्यांनी फाटकाकडे पाहिलं. काकू तिथून हळूहळू जीपजवळ आल्या.

“मीच बांधली,” त्या म्हणाल्या. “दसऱ्याले.”

“दोन्ही दांडे?” काकांनी विचारलं.

“तुम्ही गाडी धुवायले बाहेर काढली अन् बादली आणायले गेले. मी पूजा करून राहिली होती. पाहते तर दोन दांडे, एक पुढं, एक मागं, रुसल्यासारखे. पूजेत जोडीनं पाहिजे ना बाप्पा. मंग मी पुढचा मागं घेतला.”

“घेतला? अन् आला तो?”

“आला ना. खट् वाजलं थोडंसं.”

“मले सांगायचं नाही?”

“तुम्ही विचारलं काय मले?”

मिस्त्री वाकून गाठी पाहत होता. “बाँधा तो एकदम पक्का है माताजी,” तो म्हणाला. काकूंनी हे कौतुक म्हणून घेतलं.

काकांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून चाकू काढला. काकूंनी त्यांचा हात धरला. दसऱ्याची मौली कापायची नाही, ती आपोआप गळून पडेपर्यंत राहू द्यायची, असा घरचा नियम आहे. तो कधीपासूनचा, हे माहीत नाही. काकांनी तो आजवर मोडला नव्हता आणि त्या सकाळीही मोडू शकले नाहीत. शेवटी तोडगा निघाला की कापायची नाही, सोडायची, आणि तीही बांधणाऱ्या हातांनीच. काकू जीपमध्ये चढून बसल्या आणि साडीची पिन काढून एकेक गाठ उकलायला लागल्या. दहा वाजत आले होते. ताईने दोनदा घड्याळ पाहिलं. निवृत्त लोकांपैकी एकजण घरी जाऊन चहा पिऊन परत आला. तेवढ्यात त्याचं काही बघायचं राहिलं नव्हतं.

मौली सुटली. काकांनी मधला दांडा धरून पुढे ढकलला. हलला नाही. दोन्ही हातांनी ढकलला. नाही हलला. ताईने तोंड फिरवलं.

आता समोरचे इंजिनिअर, तीन महिन्यांत पहिल्यांदा, बोलले. “तेल डालिए.” दुसऱ्या कोणीतरी हातोडी सुचवली. तिसऱ्याने गरम पाणी सांगितलं. मिस्त्रीने तिघांचंही शांतपणे ऐकून घेतलं, आणि एकही गोष्ट केली नाही. तो काकांना म्हणाला, “बाबूजी, ज़ोर से नहीं छूटेगा. पहले अंदर का मरोड़ निकालो.”

मरोड म्हणजे काय, ते त्याने खांद्यावरचं फडकं दोन्ही हातांत धरून पिळून दाखवलं. वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात आणि मागची लहान, म्हणून पुढच्यांना जास्त फिरावं लागतं. चारही चाकं एकमेकांना जोडलेली असली की त्यांना वेगवेगळं फिरता येत नाही. चिखलात किंवा वाळूत टायर थोडा घसरतो आणि फरक तिथेच निघून जातो. सिमेंटवर तो घसरत नाही. मग प्रत्येक वळणाचा ताण गाडीच्या पोटातल्या लोखंडात साठत जातो, पिळलेल्या फडक्यासारखा. स्टेअरिंग जड होतं. पिळलेलं लोखंड दांड्याला धरून ठेवतं. शेवटी एखाद्या वळणावर गाडी पुढे जायलाच नकार देते.

हे मला त्या रविवारी कळलं. काकांना ते चाळीस वर्षांपासून माहीत होतं.

मागच्या चाकांना विटा लावल्या. मिस्त्रीने पुढच्या डाव्या चाकाखाली जॅक लावला, रस्त्यावरच्या सगळ्यांना लांब उभं केलं आणि हळूहळू वर घेतला. चाक रस्त्यापासून बोटभर सुटलं. तोच ते, कोणी हात न लावता, झटक्याने अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं. इंजिनिअर दोन पावलं मागे सरकले. मिस्त्रीने जॅक उतरवला आणि काकांना म्हणाला, “अब आप कीजिए.”

काकांनी दांडा दोन बोटांनी पुढे केला. खट् वाजलं.

“असंच वाजलं होतं,” काकू म्हणाल्या.

प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण ताई नागपूरच्या एका कचेरीत विभागीय चौकशांचं काम पाहते. एक आरोप टिकला नाही म्हणून फाइल बंद करण्याची तिला सवय नाही.

“बाबा, एक विचारू?” ती म्हणाली. “तुम्ही सिग्नल केबिन तपासत होते. एक लिव्हर चुकीचा दिसला तर लोकांची झोप उडवत होते. अन् आपल्याच गाडीत, मांडीला लागून, तीन महिने दांडा उलटा होता. स्टेअरिंग जड झालं तर पहिले काय पाहायचं, हे तुम्हालेच ठाऊक. मंग काहून नाही पाहिलं?”

प्रश्न रास्त होता. हात निर्दोष सुटले होते. आता आरोपीच्या पिंजऱ्यात डोकं उभं होतं. ते गेलं असेल तर जीप दुपारी अभनपूरला जायला काहीच हरकत नव्हती, हे सगळ्यांना समजलं, काकांनाही.

काकांनी हातावरचं कुंकू रुमालाला पुसलं.

“पाहणार होतो,” ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी. खोळ वर कराले वाकलो, तर तुझी आई म्हणाली, आता हात राहिले नाही तुमचे. मंग तू म्हणाली. मंग तो डॉक्टर म्हणाला. त्यानं तर फोटोच काढून दाखवला खांद्याचा.” ते थांबले. “मले वाटलं, गेले असतील. तेव्हापासून रोज सकाळी गच्चीवर टॉवेल ओढून राहिलो.”

काकूंना टॉवेलचं माहीत नव्हतं. गच्चीवर ते कबुतरांना दाणे टाकायला जातात, असं त्या समजत होत्या. ताईने घड्याळात पाहिलं. अकरा पंचवीस झाले होते.

“बारा वाजायले वेळ हाय अजून,” ती म्हणाली. “फेरी राहिली तुमची.”

काकांनी विटा काढायला लावल्या आणि जीप चालू केली. काकू उतरायच्या राहून गेल्या होत्या, त्या तशाच बसून गेल्या. मांडीवर मौलीचा गुंडा होता. जीप बागेच्या दिशेने वळली. टायरचा आवाज आला नाही. सहा मिनिटांनी ती बागेच्या दुसऱ्या बाजूने परत येताना दिसली.

त्याच वेळी ढाबेवाला पोचला. अर्धा तास लवकर. त्याने ट्रॅक्टर आणि ट्रॉली नेमकी काकांच्या फाटकासमोर लावली, कारण गाडी तिथून उचलायची असं त्याला सांगितलेलं होतं. वळायला जी जागा होती तिच्यातली अर्धी गेली. काकांनी लांबूनच वेग कमी केला. हॉर्न वाजवला नाही. अटीत ट्रॉलीबद्दल काही म्हटलेलं नव्हतं.

ताई पळत ट्रॅक्टरजवळ गेली. “भैया, पीछे लो. पीछे लो पहले!”

“दीदी, गाड़ी यहीं से लोड करनी है ना?”

“पहले पीछे लो.”

ढाबेवाल्याने ट्रॅक्टर मागे घेतला. मागे घेता घेता त्याचं लक्ष रस्त्याकडे गेलं. “अरे, ये चलती है?”

“दिख नहीं रही क्या?” ताई म्हणाली.

जीप फाटकासमोर आली, डावीकडे वळली आणि आत गेली. एका वळणात. दोन्ही बाजूंना वीतभर जागा शिल्लक होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इंजिनिअर आपल्या घरात गेले. या वेळी व्हिडिओ कोणी काढला नाही, त्यामुळे कुटुंबाच्या ग्रुपवर काकांचे हात अजूनही कमजोर आहेत.

“तो फिर?” ढाबेवाल्याने ताईला विचारलं.

“तो फिर कुछ नहीं. चाय पीजिए.”

त्याने चहा घेतला, जीपमध्ये बसून स्वतःचा एक फोटो काढून घेतला आणि ही किती लढायांत होती असं विचारलं. काका म्हणाले, दोन. मग ते माझ्याकडे पाहायला लागले. मी कागदांबद्दल बोललो नाही. ट्रॉली रिकामी अभनपूरला परत गेली.

मिस्त्री जेवून गेला. जेवताना काकूंनी त्याला विचारलं की मौली बांधायचीच झाली तर कुठे बांधावी. “कहीं भी बाँधो माताजी,” तो म्हणाला, “जो चीज़ हिलती नहीं है, उसमें बाँधो.” काकूंनी उकललेली मौली आरशाच्या दांडीला बांधली.

ताईची नागपूरची गाडी संध्याकाळी पाचची होती. ती रिक्षा बोलावणार होती. तिने फोन हातात घेतला, ठेवला, आणि बॅग जीपच्या मागच्या सीटवर टाकली. स्टेशनला जाताना ती काकांच्या शेजारी बसली. वाटेत, तिने नंतर मला सांगितल्याप्रमाणे, खोळ वर करून तिने दोनदा पाहिलं. काकांनी हे पाहिलं. गाडी अकरा मिनिटं उशिरा सुटली.

यंदाच्या दसऱ्याला जीप धुऊन बाहेर उभी केली. काकूंनी नवी मौली आरशाला बांधली. कडेचा दांडा मागे होता, मधला पुढे होता. मी खोळ वर करून पाहिलं.